जात मोजणारा अर्थतज्ज्ञ : डॉ. सुखदेव थोरात यांच्या कामातून नांदेड-लातूरच्या तरुणांनी काय घ्यावे?

"आता कुठे राहिली जात? आता दोनच जाती, गरीब आणि श्रीमंत." हे वाक्य आपल्या नांदेड-लातूरच्या पट्ट्यात चहाच्या टपरीवर ऐकू येते, महाविद्यालयाच्या स्टाफरूममध्ये ऐकू येते आणि योजनांच्या बैठकीतही ऐकू येते. त्यावर आपण काय करतो? आपण एखादी अत्याचाराची घटना सांगतो. समोरचा म्हणतो, "तो अपवाद झाला." आपण दुसरी सांगतो. तो म्हणतो, "त्यामागे वैयक्तिक वाद होता." आपण तिसरी सांगेपर्यंत तो उठून गेलेला असतो.

मित्रांनो, घटना खोट्या नसतात. पण घटना सांगणे वेगळे आणि ती व्यवस्थेची पद्धत आहे हे सिद्ध करणे वेगळे. पहिले काम आपल्या चळवळीने रक्त सांडून केले आहे. दुसरे काम ज्या मोजक्या लोकांनी केले, त्यांत डॉ. सुखदेव थोरात यांचे नाव अग्रभागी आहे. जातीमुळे नोकरी किती हुकते, रेशन किती कमी मिळते, औषध कसे दिले जाते आणि शेवटी आयुष्य किती कमी होते, हे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजून दाखवले. आमचा मुद्दा एवढाच आहे की या कामाचा अभिमान बाळगून भागणार नाही. ते काम आपल्या तालुक्यात आणावे लागेल.

ही परंपरा बाबासाहेबांची

आपण बाबासाहेबांना घटनाकार म्हणून ओळखतो, पण त्यांच्या कामाची सुरुवात अर्थशास्त्रापासून झाली. कोलंबिया आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स येथे त्यांनी अर्थशास्त्रच अभ्यासले. १९१८ ते १९२० या काळात ते मुंबईच्या सिडनेहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. १९१८ सालीच त्यांनी भारतातील लहान शेतजमिनींवर निबंध लिहिला. तुकडे लहान आहेत एवढेच म्हणून शेतीचा प्रश्न सुटत नाही, भांडवल अपुरे आहे आणि शेतीवर रिकाम्या हातांचा भार आहे, असे त्यांचे म्हणणे होते. आजही आपल्या कोरडवाहू पट्ट्याला ते लागू पडते.

पुढे याच अर्थशास्त्र्याने कामगार स्त्रीच्या बाळंतपणाचा प्रश्न हाती घेतला. १९२८ साली मुंबई विधिमंडळात त्यांनी प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा दिला. १९३८ साली संततिनियमनाचा प्रस्ताव त्यांच्या पक्षाने विधानसभेत मांडला आणि तो फेटाळला गेला. १९४२ ते १९४६ या काळात व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात ते मजूर खात्याचे सदस्य होते. कामाचे तास, खाणीतील स्त्रियांची प्रसूती रजा, कामगारांचा आरोग्य विमा हे विषय त्यांनी त्या टेबलावर नेले.

मजुरी, आरोग्य आणि कुटुंब हे तीन वेगळे विषय नाहीत, हे त्यांना पक्के ठाऊक होते. मजुरी बुडली की चूल विझते. चूल विझली की लेकरू कुपोषित होते. लेकरू आजारी पडले की आईची मजुरी पुन्हा बुडते. हे चक्र जातीच्या आसाभोवती फिरते, ही बाबासाहेबांची मांडणी होती. थोरात सरांनी ती आकड्यांत उतरवली.

मिलिंदचा विद्यार्थी

थोरात यांचा जन्म अमरावती जिल्ह्यातला. पण त्यांना घडवले मराठवाड्याने. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली औरंगाबादला महाविद्यालय सुरू केले. निजामी राजवटीतून नुकत्याच बाहेर पडलेल्या मराठवाड्यात खेड्यातल्या पोरांसाठी उच्च शिक्षणाचे दार त्यामुळे उघडले. त्याच मिलिंद परिसरातून थोरात बी.ए. झाले. मराठवाडा विद्यापीठातून अर्थशास्त्रात एम.ए. केले. १९७३ ते १९८० या काळात त्यांनी औरंगाबादच्याच वसंतराव नाईक महाविद्यालयात शिकवले.

हा काळ लक्षात घ्या. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला आणि मराठवाडा पेटवला गेला. आपल्या नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीचे पोचिराम कांबळे आणि सुगावचे जनार्दन मेवाडे शहीद झाले. गावोगाव वस्त्या जाळल्या गेल्या, माणसांना गाव सोडून पळावे लागले. विद्यापीठाच्या नावाचा वाद गावातल्या घरावर आणि मजुरीवर का उतरतो? कारण गावातली जातीची सत्ता कामावर, जमिनीवर आणि पाण्यावर उभी असते. १९९३ च्या नोव्हेंबरात नांदेडच्या गौतम वाघमारे यांनी आत्मदहन केले. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला आणि त्याच वर्षी नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ उभे राहिले. आज नांदेड, लातूर, परभणी, हिंगोलीची आपली पोरे तिथे शिकतात. त्या विद्यापीठातून आपण काय मागतो, हा प्रश्न पुढे येईलच.

१९८० पासून थोरात दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात अर्थशास्त्र शिकवू लागले. मधल्या काळात अमेरिकेतील आयोवा स्टेट विद्यापीठात त्यांनी अध्यापन केले. बाबासाहेबांच्या नियोजन, जल आणि वीज धोरणावर त्यांनी पुस्तक लिहिले. २००३ पासून इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ दलित स्टडीज या दिल्लीतील संस्थेचे संचालक म्हणून त्यांनी जे काम उभे केले, तो या कारकिर्दीचा गाभा आहे.

बाजाराला जात दिसते का?

अर्थशास्त्रात एक जुना वाद आहे. अमेरिकन अर्थतज्ज्ञ गॅरी बेकर यांनी १९५७ साली भेदभावाचे अर्थशास्त्र मांडले. पूर्वग्रह बाळगणारा मालक चांगला कामगार नाकारतो, म्हणजे स्वतःचेच नुकसान करून घेतो. यावरून असा निष्कर्ष काढला गेला की स्पर्धा वाढली की भेदभाव आपोआप विरघळेल. आपल्याकडे १९९१ नंतर हेच सांगितले गेले. उद्योग येऊ द्या, शहरात जा, जात मागे पडेल.

१९७६ साली जॉर्ज अकेरलॉफ यांनी याला छेद देणारी मांडणी केली आणि उदाहरण म्हणून भारतातील जातीच घेतली. जातीचा नियम मोडणाऱ्याला समाज वाळीत टाकतो. त्या भीतीने, मनातून न पटणारा माणूसही नियम पाळतो. म्हणून बाजार असूनही जात टिकते. मराठवाड्यातल्या माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही. बहिष्कार म्हणजे काय, हे आपल्या आजोबांना विचारा.

थोरात यांनी बाबासाहेबांची मांडणी पाया धरून या वादाला भारतीय आकार दिला. त्यांच्या मते बाजारातला जातिभेद तीन प्रकारे चालतो. पहिला, सरळ नकार : घर भाड्याने नाही, काम नाही, दूध विकत घेणार नाही. दुसरा, प्रवेश देऊन वेगळ्या अटी : मजुरी कमी, भाव जास्त, रांगेत शेवटी. तिसरा, सक्तीचा समावेश : गटार, मेलेली ढोरे, साफसफाई, इथे मात्र जागा राखीव. तिसऱ्या प्रकारात "काम मिळाले" अशी नोंद होते आणि आकडेवारीत सगळे ठीक दिसते. म्हणून काम मिळाले की नाही एवढे विचारून भागत नाही. कोणते काम, कोणत्या अटीवर, हे विचारावे लागते.

आडनावाची किंमत

या विचाराची कसोटी कशी घ्यायची? थोरात आणि अमेरिकन समाजशास्त्रज्ञ पॉल अॅटवेल यांनी एक साधी युक्ती वापरली. खासगी कंपन्यांच्या नोकरीच्या जाहिराती वर्तमानपत्रांतून घेतल्या. ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठवले. शिक्षण सारखे, अनुभव सारखा. फरक फक्त नावाचा. एक आडनाव सवर्ण हिंदूचे, एक दलिताचे, एक नाव मुस्लिमाचे. अर्जात जात कुठेही लिहिलेली नव्हती.

निष्कर्ष २००७ साली इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली या नियतकालिकात छापून आले. सवर्ण नावाच्या अर्जाला पुढच्या टप्प्यात बोलावण्याचे प्रमाण १ धरले, तर दलित नावासाठी ते ०.६७ आणि मुस्लीम नावासाठी ०.३३ भरले. अर्ज सारखाच होता. कमी काय होते? आडनाव.

"आमची पोरे मेरिटमध्ये कमी पडतात" असे म्हणणाऱ्यांना याहून स्वच्छ उत्तर नाही. त्याच काळात सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी कंपन्यांच्या अधिकाऱ्यांच्या मुलाखती घेतल्या. आम्ही जात बघत नाही, फक्त गुणवत्ता बघतो, असे ते अधिकारी म्हणत. आणि लगेच सांगत की उमेदवाराची कौटुंबिक पार्श्वभूमी मात्र आम्ही विचारतो. वडील काय करतात, घर कुठे आहे, भावंडे काय करतात. ज्याने मुलाखत दिली आहे त्याला हे प्रश्न ओळखीचे वाटतील. जात न विचारता जात विचारण्याची ती पद्धत आहे. खासगी क्षेत्रातील आरक्षणाची मागणी थोरात सातत्याने करतात, ती या पुराव्याच्या बळावर.

ताट, औषध आणि स्पर्श

नोकरीनंतर अन्न आणि आरोग्य. संस्थेने राजस्थान, उत्तर प्रदेश, बिहार, आंध्र प्रदेश आणि तामिळनाडू या पाच राज्यांतील ५३१ गावांत शालेय पोषण आहार आणि रेशन दुकानांची पाहणी केली. थोरात आणि जोएल ली यांचा हा अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. मुलांना वेगळे बसवणे, दलित बाईने शिजवलेल्या अन्नाला विरोध, आहाराचे केंद्र सवर्ण वस्तीत ठेवणे, रेशन मापात कमी आणि भावात जास्त देणे, असे प्रकार त्यात नोंदले गेले. योजना कागदावर सर्वांसाठी होती. वाटणारा हात मात्र गावातलाच होता. सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली स्वयंपाकी नेमताना दलित-आदिवासींना प्राधान्य द्या असा आदेश दिला होता. त्या आदेशाचे मोल या पाहणीतून कळते.

२००६ साली घनश्याम शाह, हर्ष मंदर, थोरात, सतीश देशपांडे आणि अमिता बाविस्कर यांचे ग्रामीण अस्पृश्यतेवरील पुस्तक आले. ११ राज्यांतील ५६५ गावांच्या पाहणीवर ते आधारलेले होते आणि त्यात महाराष्ट्रही होता. सुमारे एक तृतीयांश गावांत सरकारी आरोग्य कर्मचारी दलितांच्या घरात जात नव्हते, असे त्यात आढळले.

डॉ. संघमित्रा आचार्य यांनी गुजरात आणि राजस्थानातील गावांत दलित मुलांना आरोग्यसेवा कशी मिळते हे तपासले. त्यांची पद्धत आपल्या कार्यकर्त्यांनी शिकून घ्यावी अशी आहे. "तुमच्याशी भेदभाव होतो का?" असे विचारले तर आपल्याकडची म्हातारी "नाही बाबा" म्हणते. सवयीचा अपमान अपमान म्हणून आठवतच नाही. म्हणून त्यांनी तुकडे पाडून विचारले. तपासताना हात लावला का? गोळ्या हातात दिल्या की वरून टाकल्या? किती वेळ बोलले? थांबवून ठेवले का? नर्सबाई घरात आल्या की उंबऱ्याबाहेरून हाक मारली? असे विचारल्यावर चित्र उघडले. औषध घेताना भेदभाव झाल्याचे दहापैकी नऊ मुलांच्या बाबतीत दिसले.

इथे एक गोष्ट आम्हाला नीट सांगायची आहे. खालच्या पायरीवरच्या आशाताई आणि अंगणवाडीताई तुटपुंज्या मानधनावर राबतात. अनेक ठिकाणी त्या आपल्याच वस्तीतल्या असतात. आपला रोख त्यांच्यावर व्यक्ती म्हणून नाही. गावची जात सरकारी योजनेत कशी शिरते, हा प्रश्न आहे.

शेवटी आयुष्यच कमी भरते

हे सारे कुठे जाऊन साचते? घरात. २००५-०६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालील बालमृत्यूचे प्रमाण अनुसूचित जातींत हजारी ८८ होते, तर अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागास वर्ग वगळून उरलेल्यांत ५९. इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ दलित स्टडीजच्या अभ्यासाचा दाखला संयुक्त राष्ट्रांच्या महिलाविषयक संस्थेने २०१८ च्या अहवालात दिला. दलित स्त्रीचे मृत्यूसमयीचे सरासरी वय उच्चजातीय स्त्रीपेक्षा १४.६ वर्षांनी कमी आहे. पाणी आणि स्वच्छता यांसारख्या सोयींचा फरक बाजूला काढून हिशेब केला, तरी दरी बुजत नाही.

"हे गरिबीमुळे होते" म्हणणाऱ्यांसाठी हाच खरा प्रश्न आहे. सारखी गरिबी, सारखी सोय आणि तरीही आयुष्य कमी. उरलेल्या फरकाला काय नाव द्यायचे? आपण जात म्हणतो. त्यांच्याकडे दुसरे नाव असेल तर सांगावे.

२००६ ते २०११ या काळात थोरात विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष होते. त्यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २००७ साली दिल्लीच्या एम्समधील दलित-आदिवासी विद्यार्थ्यांची स्थिती तपासली. वसतिगृहातील वेगळेपण, शिक्षकांचे दुर्लक्ष, परीक्षेतील पक्षपात हे सारे त्या अहवालात आले. देशाचे डॉक्टर जिथे घडतात तिथेच जात शिकवली जात असेल, तर ती खेड्यातल्या दवाखान्यात पोचणारच. रोहित वेमुला २०१६ साली गेला, डॉ. पायल तडवी २०१९ साली गेली. २००७ चा अहवाल हातात असताना गेले.

आपल्याकडे काय चालले आहे?

आता नांदेड-लातूरकडे या. दिवाळीच्या सुमारास आपल्या तांड्या-वस्त्यांतून ट्रक भरतात. नवरा-बायको मिळून एक "कोयता". मुकादमाची उचल दोघांच्या नावावर. एक दिवस काम चुकले की "खाडा". पाळीच्या दिवसांत, गरोदरपणात बाईने काय करायचे? २०१९ साली ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न शेजारच्या बीड जिल्ह्यातून बाहेर आला. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसमोर आलेल्या पाहणीत सुमारे ८२ हजार महिलांपैकी १३ हजारांहून अधिक महिलांची गर्भाशये काढलेली आढळली. मजुरी, आरोग्य आणि कुटुंब यांची गाठ कुठे बसते, हे यापेक्षा स्पष्ट कुठे दिसेल? खाडा वाचवण्यासाठी शरीराचा अवयव द्यावा लागतो आणि त्यालाही आपण "गरिबी" म्हणतो.

२०२३ च्या सप्टेंबरअखेरीस नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावले. त्यांत १२ नवजात अर्भके होती. औषधांचा तुटवडा, अपुरे कर्मचारी यांवर चर्चा झाली, व्हायलाच हवी. पण ती कोणाची लेकरे होती? कोणत्या तालुक्यातून, कोणत्या दवाखान्याने पुढे पाठवल्यावर, किती उशिरा तिथे पोचली? हे प्रश्न आपण विचारले नाहीत तर कोण विचारणार?

लातूर पॅटर्नने आपल्या घरातूनही डॉक्टर-इंजिनिअर दिले, याचा आम्हाला आनंद आहे. पण एका पिढीने सगळी हुशार पोरे नीटच्या रांगेत उभी केली आणि अर्थशास्त्र, समाजशास्त्र "नापासांचे विषय" ठरवले. बाबासाहेबांचे विषय आपणच टाकून दिले. मग बजेटमधील अनुसूचित जाती उपयोजनेचा निधी कुठे वळला हे वाचायला गावात माणूस मिळत नाही.

आकड्याने क्रांती होते का?

काही जुने कार्यकर्ते म्हणतील, "नामांतर आकड्यांनी नाही, रस्त्यावर मिळाले." अगदी खरे. पण रस्त्यावरची लढाई दार उघडते. दार उघडल्यावर आत टेबलावर काय ठेवायचे, तो प्रश्न उरतो. तिथे भावना चालत नाही, कागद चालतो. थोरात यांच्या अभ्यासाने भेदभाव संपला नाही, हेही खरे. पण "भेदभाव नाही" हे म्हणणे त्यांनी अवघड करून ठेवले.

दुसरा आक्षेप आपल्याच तरुणांचा असतो : "आता जातगणना होणारच आहे." आगामी जनगणनेत जातींची नोंद घेण्याचा निर्णय केंद्राने ३० एप्रिल २०२५ रोजी जाहीर केला. स्वागत आहे. पण जनगणना डोकी मोजते. गोळी हातात दिली की वरून टाकली, हे जनगणना मोजत नाही. पाच राज्यांच्या अन्न-पाहणीत महाराष्ट्र नव्हता, आचार्यांच्या अभ्यासातही नव्हता. आपली पोकळी आपल्यालाच भरायची आहे.

त्यासाठी तालुक्यातल्या पाच-सात तरुणांनी एवढे तरी करावे :

१. एक आरोग्य उपकेंद्र, एक अंगणवाडी, एक रेशन दुकान निवडा. प्रश्न तुकड्यांत विचारा. "भेदभाव होतो का" असे विचारू नका.

२. फक्त आपल्या वस्तीत विचारू नका. तेवढीच जमीन, तेवढीच मजुरी असलेल्या इतर समाजाच्या घरातही तोच प्रश्न विचारा. तुलना नसेल तर पुरावा होत नाही. उत्तर आपल्या अंदाजाविरुद्ध आले तर तेही लिहा.

३. धर्म आणि जात दोन्ही नोंदवा. बौद्ध लिहिल्याने कोणी गणतीतून सुटता कामा नये.

४. बोलणाऱ्या बाईचे नाव बाहेर जाऊ देऊ नका. तिला त्याच गावात राहायचे आहे.

५. जमलेली माहिती ग्रामसभेत, गावच्या आरोग्य समितीत आणि माहिती अधिकाराच्या अर्जासोबत ठेवा. अॅट्रॉसिटी कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने दवाखाना आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात जाण्यापासून रोखणे, तसेच सामाजिक-आर्थिक बहिष्कार हे गुन्हे ठरले आहेत. कायदा आहे. त्याला लागणारा पुरावा गोळा करणारे हात कमी आहेत.

६. नांदेड विद्यापीठात एम.ए., पीएच.डी. करणाऱ्या मित्रांनी प्रबंधाचा विषय इथूनच घ्यावा. ज्या विद्यापीठांसाठी आपल्या माणसांनी जीव दिला, त्यांतून नुसती पदवी घेऊन बाहेर पडू नये.

जयंतीला डीजेवर लाखो रुपये खर्च होतात. त्यातला दहावा हिस्सा एका पाहणीला, एका मुलीच्या अर्थशास्त्राच्या शिक्षणाला दिला, तर पुढच्या वेळी "आता कुठे राहिली जात?" असे कोणी विचारल्यावर आपल्याला घटना आठवत बसावे लागणार नाही. आपल्याच तालुक्याचा कागद त्याच्यापुढे ठेवता येईल.

जय भीम!